स्किपर सांगेपर्यंत

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. मी स्वतः तिथं होतो, तरी कधीकधी माझाच बसत नाही, तिथं तुमची काय कथा! पण एक आधीच सांगून ठेवतो. आयुष्यभर मी ज्या गोष्टी सांगत आलो त्यांत ही एकच अशी आहे, जिच्यात मी पदरचं मीठसुद्धा घातलेलं नाही. देवमाशाच्या पोटात उतरून मी माझी चिलीम शोधून आणली ती गोष्ट खोटी होती, कबूल. चिलीम सापडली नव्हती.

"झाली सुरुवात," लिडी म्हणाली.

लिडी म्हणजे आमच्या खाडीतल्या दुकानदाराची बायको. आली होती नवऱ्याला जेवायला बोलवायला. नवरा उठून गेला तरी ही आपली बसलेलीच. हिवाळ्यात आम्ही सगळे जाळी दुरुस्त करायला माडीवर जमतो. मधे शेगडी धगधगत असते, बाहेर न्यूफाउंडलंडचा तो मेला ईशान्येचा वारा फळ्यांमधून शिट्ट्या घालत असतो. अशा वेळी कुणीतरी आपलं खोटं सांगत बसलं नाही, तर माणसं दुसऱ्यांचं खरं सांगायला लागतात. ते जास्त वाईट.

"एफकाका, तुमचं काय," लिडी म्हणाली, "तुम्ही कुणाच्याही तोंडून काहीही वदवाल. परवा दाराआडून पाळकांचा आवाज काढून माझ्या नवऱ्याला हाक मारलीत, तर त्या बावळटानं रमची बाटली पिठाच्या पिंपात कोंबली. बूच उडालं. अजून पावाला वास येतोय."

"म्हणूनच हल्ली तुझा पाव खपतोय," मी म्हणालो.

सगळे हसले. एक ओबेद तेवढा हसला नाही. तो बघा, शेगडीच्या पलीकडं बसलाय. जाळं विणायच्या लाकडी सुईत दोरा भरतोय. दोन्ही हातांची मिळून जी काही बोटं देवानं त्याला ठेवलीत तेवढ्यांनीच, सावकाश. ही गोष्ट त्याचीच आहे. मी दर हिवाळ्यात ती त्याच्यासमोर सांगतो आणि तो मुकाट ऐकून घेतो. एका शब्दानं कधी बोलला नाही. खोटी असती तर बोलला नसता का?

तर, आमच्या दाढ्या काळ्या होत्या तेव्हाची गोष्ट. त्या हिवाळ्यासारखा हिवाळा पुन्हा झाला नाही. थंडी अशी, की माणूस थुंकला तर थुंकी खाली पडायच्या आत गोळी व्हायची. अशाच एका गोळीनं शेजाऱ्याचा कुत्रा काणा झाला, आणि शेजारी अजून मला धरून बसलाय. ख्रिसमसच्या आधीच खाडी गोठली. शेवटचं जहाज पीठ न उतरवताच परत फिरलं. जानेवारीत बटाटे संपले, फेब्रुवारीत काकवी संपली. मग खारवलेला कॉड मासा आणि काळा चहा, चहा आणि कॉड. उंदरांनी आमची घरं सोडली. मी स्वतः पाहिलं, बर्फावरून ओळीनं पलीकडच्या गावी चालले होते, म्हातारे पुढं, लेकुरवाळ्या मागं.

"उंदीर बिचारे," लिडी म्हणाली.

हसा. पण त्या हिवाळ्यात दोन तान्ही मुलं गेली, आणि त्यांच्या आयांच्या अंगावर दूध नव्हतं, म्हणून गेली. ते मी मिसळलेलं नाही.

आमची सगळी भिस्त होती सीलवर. मार्चमध्ये बर्फाच्या लाद्यांवर बसून सीलचे कळप दक्षिणेला येतात. वारा किनाऱ्याकडं असला तर आमच्या दारात येतात, नसला तर दुरून निघून जातात. त्या वर्षी रोज सकाळी माणसं टेकडीवर जाऊन बघायची आणि रोज खाली मान घालून परत यायची.

आणि आले कधी? रविवारी. देवाच्या दिवशी, जेव्हा आमच्याकडं कुणी कामाला हात लावत नाही.

सकाळी प्रार्थनेची घंटा झाली आणि आम्ही प्रार्थनामंदिराच्या दारात येऊन बघतो तर काय, खाडीच्या तोंडाशी बर्फ पांढरा दिसायचं सोडून काळा दिसतोय. सीलच सील. एक तर पायरीशी येऊन बसला होता, आणि आम्ही गाणं म्हणायला लागलो तसा त्यानं खालचा सूर धरला. आमच्या जोबपेक्षा बरा धरला.

ऊन पडलं होतं. वारा पडला होता. तुम्ही लाख दिवस जगा, सीलच्या शिकारीला तसा दिवस मिळायचा नाही.

आता स्किपर इलामबद्दल सांगितलं पाहिजे, कारण तुमच्यातल्या बहुतेकांनी त्याला पाहिलेलं नाही. पाळक आमच्याकडं वर्षातून दोनदा बोटीनं यायचे. बाकीच्या रविवारी प्रार्थना चालवायचा इलाम. खाडीतला सगळ्यात जुना स्किपर, म्हणजे बोटीचा तांडेल, बायको वारलेली, मूलबाळ नाही, छातीत दमा. आवाज असा, की रिकाम्या पिंपात दगड टाकावा. आणि त्याची एक खोड होती. खाडीत तेव्हा तीन ओबेद होते, चार जोब होते, आणि 'मेरी' म्हणून हाक मारली तर अर्धं गाव ओल्या हातांनी दारात यायचं. म्हणून स्किपर कुणालाच त्याच्या नावानं हाक मारत नसे. बापाच्या नावानं मारायचा. मी 'मोझेसच्या पोरा.' हा ओबेद 'नाथनच्या पोरा.' माणसाचे दात पडले तरी स्किपरला तो पोरच.

"नाथनच्या पोरा, दोर आवर, वाचन सुरू करतोय," असं मी स्किपरच्या आवाजात म्हणून दाखवलं.

"अगं बाई," लिडी आपले दंड चोळत म्हणाली. "माझी आई तुमचा हा आवाज ऐकून एकदा रडली होती."

शेगडीपलीकडं ओबेदची सुई क्षणभर थांबली. मग पुन्हा चालू झाली.

ओबेद होता मंदिराचा घंटावाला. लहानपणी बोटीखाली पाय चिरडला होता, त्यामुळं बर्फावर जायचा नाही. त्याचा मुलगा रूबेन मात्र जायचा. एकुलता एक. लग्नाला पुरतं वर्ष झालं नव्हतं. त्या रविवारी सगळ्यांच्या मनात जे होतं ते हाच उठून बोलला.

"स्किपर," रूबेन म्हणाला, "सील आज आलेत. उद्या असतील का?"

"ते देवाला माहीत," इलाम म्हणाला. "आज कुणाचा दिवस आहे ते मला माहीत आहे."

"घरात पीठ नाही, स्किपर."

"माझ्याही घरात नाही."

"देवाला दिसत नाही का आमच्या घरात पीठ नाही ते?"

मंदिरात टाचणी पडली असती तर तिनं माफी मागितली असती, इतकी शांतता झाली. इलाम रागावला नाही. पुस्तक मिटून म्हणाला, "दिसतं. आणि सहा दिवस सोडून सातव्याच दिवशी त्यानं हे दारात आणून ठेवलंय, तेही त्याला दिसतंय. का ते मला विचारू नका. मला का कळत असतं तर मी देव असतो, आणि मग तुमचं कठीण होतं. मला फक्त 'नको' एवढं ऐकू आलंय. तेवढं मी तुम्हांला सांगतोय."

सगळ्यांनी ओबेदकडं पाहिलं. पोरगं त्याचं, तोच काय ते म्हणणार. ओबेदच्या हातात अजून घंटेचा दोर होता.

"रूबेन," तो म्हणाला, "बस खाली."

रूबेन बसला. मग आम्हीही बसलो. सगळी खाडी बसली. भुकेल्या माणसांनी दिवसभर गाणी म्हटली, आणि गाण्यांच्या मधल्या थांब्यात बाहेरून सीलच्या पिलांचं रडणं ऐकू येत होतं. अगदी तान्ह्या मुलासारखं रडतात ती. ज्यांची मुलं गेली होती त्या दोघी कानांवर शाल ओढून बसल्या होत्या.

"मग?" लिडीनं विचारलं. आता ती हसत नव्हती.

मग सोमवार. फटफटताच आम्ही निघालो. पायांवर चालू शकतील तेवढे सगळे पुरुष, हातात आकडीच्या काठ्या, कमरेला दोर. सील होते, पण दूर सरकले होते. आदल्या दिवशी दारात होते, आता टेकडीवरून दिसतील न दिसतील एवढ्या अंतरावर. गेलो. मारले. रूबेन सगळ्यांच्या पुढं, सगळ्यांत लांब. आदल्या दिवशीचा राग काठीवर काढत होता.

दुपारी आभाळ पिवळं झालं. मी म्हटलं, चला. कुणी ऐकलं नाही. मीही माझं ऐकलं नाही. इतक्या दिवसांनी हाताला गरम रक्त लागलं होतं. मग एकाएकी वारा उलटला आणि बर्फ पडायला लागला. पडायला म्हणजे काय, आडवा आला. पायाखालची लादी किनाऱ्यापासून सुटली ते मला कानांनी कळलं. चादर फाटल्यासारखा आवाज झाला.

रविवारी गेलो असतो तर सगळे संध्याकाळच्या जेवणाला घरी असतो, आणि ताटात सील असता. हे मी चाळीस वर्षं सांगतोय आणि चाळीस वर्षं पाळक मला म्हणतात, एफ, एवढं वाक्य तरी गाळत जा. नाही गाळणार. आम्ही ऐकलं म्हणून वादळात सापडलो. देवाची माणसं देवाचं ऐकतात तेव्हा त्यांच्यावर फुलं पडतात, असं तुम्हांला कुणी सांगितलं असेल तर तो माझ्यापेक्षा मोठा थापाड्या आहे.

तिकडं गावात काय झालं ते मला ट्रिफीनावहिनींनी सांगितलं. ट्रिफीना म्हणजे ओबेदची बायको. जाऊन आता बरीच वर्षं झाली. वारा फिरताच इलाम मंदिरात आला. अंगात मोठा कोट, खांद्यावर दोर, हातात कंदील. ओबेदला म्हणाला, "नाथनच्या पोरा, वाजव."

ओबेदनं दोर धरला.

"प्रभूच्या नावानं सांगतोय," इलाम म्हणाला. "तीन ठोके आणि थांब. दोर दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस. मी सांगेपर्यंत थांबू नकोस."

हे असं का, ते तुमच्यातल्या पोरासोरांना कळायचं नाही. आमच्या मंदिरासमोर खाडीच्या पलीकडं तो काळा कडा आहे ना, तो घंटेचा आवाज परत फेकतो. एकसारखी वाजवली तर घंटा आणि कडा एकमेकांत मिसळतात, आणि धुक्यातला माणूस गावाच्या ऐवजी कड्याकडं, म्हणजे सरळ पाण्यात चालत जातो. एका वर्षी ओबेद तापानं पडला होता, तेव्हा दुसऱ्यांनी हौसेनं वाजवली आणि एक बोट कड्यावर फुटली. म्हणून तीन ठोके, मग कड्याचं उत्तर विझेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा तीन. ते थांबणं ओबेदच्या अंगात मुरलेलं होतं.

"स्किपर, तुम्ही कुठं निघालात?" वहिनींनी विचारलं. "तुम्हांला चार पावलं टाकली की धाप लागते."

"मी देवाचं ऐकलं, आणि त्यांनी माझं ऐकलं," इलाम म्हणाला. "आता त्यांना आणायला दुसऱ्या कुणाला पाठवू?"

आणि तो म्हातारा त्या बर्फात गेला.

आम्हाला पहिले ठोके ऐकू आले तेव्हा माझ्या मिशांना बर्फाचे सुळे फुटले होते. तीन. थांब. तीन. मी पुढं, बाकीचे माझा दोर धरून मागं. एका लादीवरून दुसरीवर, मधलं पाणी दिसत नव्हतं, फक्त काळं काहीतरी श्वास घेत होतं. अर्ध्या वाटेत समोर कंदील दिसला. इलाम. त्याच्या भुवयांना बर्फ लागला होता, आणि छातीतून गंजक्या बिजागरीसारखा आवाज येत होता.

"मोझेसच्या पोरा," तो म्हणाला, "नाथनचा नातू कुठं आहे?"

मी मागं वळून पाहिलं. दोराच्या टोकाला रूबेन नव्हता.

"घंटा ऐकू येते ना? तिच्याकडं चालत राहा," इलाम म्हणाला. "मागं बघू नका." आणि आमच्या अंगावरून पुढं, आम्ही आलो त्या दिशेला निघून गेला. कंदील थोडा वेळ दिसला. मग तोही बर्फानं खाल्ला.

दोरावरचे आम्ही सगळे किनाऱ्याला लागलो. सगळे. त्या घंटेनं आमचे हात धरून आम्हांला वर ओढलं. मी गुडघ्यांवर मंदिरात शिरलो, ओबेदच्या पायांशी पडलो आणि म्हणालो, "आलो रे बाबा, आलो." तो माझ्या मागं बघत होता. माझ्या मागं माणसं येत होती, एकेक. शेवटच्या माणसानं दार लावलं.

ओबेदनं दोर घट्ट धरला. तीन ठोके दिले. थांबला. पुन्हा तीन.

वादळ दुसऱ्या दिवशी विरलं, पण काय उपयोग? खाडीत बर्फाचा नुसता लगदा झाला होता. त्यावर चालता येईना आणि त्यातून बोट जाईना. आम्ही तीनदा ढकलली, तीनदा परत आणली. करण्यासारखं एकच उरलं होतं, आणि ते ओबेद करत होता.

दिवस गेला. रात्र गेली. आणखी एक दिवस गेला. झोप उभ्यानं, थांब्याथांब्यात. मंदिराच्या दाराला फट होती, तिच्यातून बर्फ आत येऊन त्याच्या बुटांवर साचत होता. हातांची सालं दोराला चिकटून निघाली, मग रक्त गोठून दोर आणि हात एक झाले. बोटं आधी लाल होती, मग पांढरी, मग काळी पडायला लागली. वहिनी चमच्यानं चहा पाजायच्या. निम्मा दाढीवर गोठायचा.

गावात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. आता सील होता घरात, थोडा का होईना. पण घास उचलला की तीन ठोके. दोन माणसं अजून बाहेर आहेत. दोन माणसं अजून बाहेर आहेत. बायका मला म्हणायच्या, एफ, जा, त्याला सांग, पुरे कर. मी जायचो आणि लाकडं टाकून परत यायचो.

शेवटी वहिनींनी दोराला हात घातला. मी तिथंच चहाचं भांडं घेऊन उभा होतो.

"दे इकडं," त्या म्हणाल्या. "मी ओढते. तुझी बोटं गळून पडतील, मेल्या."

"मला सांगितलंय, दुसऱ्याच्या हाती देऊ नको."

"इलाम काय देव लागून गेला?"

"नाही," ओबेद म्हणाला. तीन ठोके दिले, कडा विझेपर्यंत थांबला, मग म्हणाला, "पण त्यानं प्रभूच्या नावानं सांगितलं आणि मी हो म्हटलं."

"आणि इलाम मेला असेल तर? तुला थांब म्हणून सांगणार कोण?"

"ज्यानं त्याला पाठवलं तो सांगेल."

"माझं एक पोरगं बाहेर गेलंय," वहिनी म्हणाल्या. "आता नवराही जाणार. मी काय केलं होतं रे? मी पण रविवारी बसलेच होते ना?"

ओबेदच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पुसायला हात मोकळा नव्हता. वहिनींनी आपल्या शालीच्या टोकानं पुसलं. पुन्हा तीन ठोके पडले. पण आता ते ठोके लंगडे झाले होते. एक मोठा, दोन नावाला. त्याचे गुडघे वाकत होते आणि दोरच त्याला धरून होता. आमच्यातल्या कुणालाही दिसत होतं, की आणखी एक दिवस असाच गेला तर मंदिरातून आणखी एक शवपेटी निघणार.

आणि आता ते, ज्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

पहाटेची वेळ. खिडकीची काच नुकतीच राखाडी झालेली. वहिनी बाकावर बसल्याबसल्या झोपी गेलेल्या. मी? मी लाकडं आणायला बाहेर गेलो होतो, म्हणून तर मला इतकं स्पष्ट ऐकू आलं. वारा नाही, पान हलत नाही. म्हणजे पान नव्हतंच, पण असतं तर हललं नसतं. ओबेदनं तीन ठोके दिले. कड्यानं तीन परत दिले. आणि कडा विझल्यावर त्या शांततेत बर्फावरून, दुरून, अगदी दुरून आवाज आला. इलामचा. रिकाम्या पिंपात दगड टाकल्यासारखा.

"ओबेद, बस झालं. प्रभू म्हणतो, सोड दोर."

"तुम्ही काढता तसाच?" लिडीनं हळूच विचारलं.

तसाच. मी त्याच्याकडूनच तर शिकलो. मेलेल्या माणसाचा आवाज, लेकरांनो! त्यानं दिलेला शब्द पाळायला तो परत आला. मी आत धावलो तर दोर हलतोय आणि ओबेद खाली बसलाय. तळहात उघडलेले. बोटं वाकत नव्हती, पण तळहात उघडे. मी त्याला उचलून घरी नेलं. काही बोटं गेली, माणूस राहिला. मी सांगणार, आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवणार नाही, पण त्या क्षणी देवानं इलामला खाडीवरून परत पाठवलं होतं, एका घंटावाल्याला घरी सोडायला. आज्ञा पाळणाऱ्याला देव असा सोडवतो.

"आणि ते दोघं?" कुणीतरी विचारलं.

सापडले. वसंतात, बर्फ वितळल्यावर. खाडीबाहेरच्या पाखरांच्या बेटावर, एका खडकाच्या आडोशाला. इलामचा मोठा कोट रूबेनच्या अंगावर होता. म्हातारा नुसत्या सदऱ्यावर.

"पाखरांच्या बेटावर घंटा ऐकू येते का?" लिडीनं विचारलं.

"वारा नसेल तर येते," मी म्हणालो. "पण त्याचा इथं काही संबंध नाही. ते दोघं पहिल्याच रात्री गेले."

"आई म्हणायची, त्यांनी बूट खाल्ले होते," लिडी म्हणाली. "सीलच्या कातड्याचे. कापून कापून."

"बूट कोल्ह्यांनी खाल्ले."

"कोल्ह्यांकडं सुरी कुठून आली, एफकाका?"

"तू त्या बेटावरचे कोल्हे पाहिले नाहीस."

मी खुर्ची जरा शेगडीकडं वळवली आणि आवाज चढवला, म्हणजे पलीकडं बसलेल्यालाही नीट ऐकू जावं. "अगं, साधा हिशेब आहे. आवाज आला तो मेलेल्या माणसाचा. बरोबर? म्हणजे इलाम तेव्हा मेलेलाच होता. म्हणजे ज्याला त्यानं आपला कोट दिला तोही गेलेला होता. घंटा आणखी आठवडाभर वाजली असती तरी ऐकायला तिथं कुणी नव्हतं. ओबेदनं दोर सोडला म्हणून कुणाचं काही गेलं नाही. देवानंच सांगितलं होतं, सोड."

ओबेदनं सुई मांडीवर ठेवली.

"खोटं," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत या माडीवर, या गोष्टीवर, तो पहिल्यांदाच बोलत होता.

"स्किपरनं मला उभ्या जन्मात ओबेद म्हणून हाक मारली नाही," तो म्हणाला. "तो तू होतास, एफ. लाकडांच्या ढिगामागं."

मी हसायला गेलो. तोंड उघडलं, पण त्यातून माझा आवाज निघाला नाही, आणि दुसऱ्या कुणाचाही निघाला नाही.

"मला त्याच घडीला कळलं होतं," ओबेद म्हणाला. "तरी मी दोर सोडला."